हसनाबादच्या दाराची दुसरी झडप

नवं दार बघायला आलेला माणूस आधी कडी वाजवतो. मग पॅनलवर बोटाने टकटक करतो, तळहाताने दाबतो आणि चोर पकडल्यासारखा माझ्याकडं बघतो. "मिस्तरी, हे तर हलून राह्यलं!" माझं उत्तर ठरलेलं असतं, "हलायलाच पायजे. ज्या दिवशी हलणार न्हाई त्या दिवशी मला बोलवा." त्याला वाटतं मिस्तरी थट्टा करतोय.

थट्टा नसते हो. पॅनलचं दार म्हणजे बाहेर जाड पट्ट्यांची चौकट आणि तिच्या पोटात बसवलेली फळी. या फळीच्या चारही कडा उतरत्या कापून पातळ करायच्या, म्हणजे मधला भाग उठून दिसतो आणि कडेची पातळ जीभ चौकटीच्या खाचेत शिरते. त्या खाचेत सरस लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. लाकडाला पाणी प्यायची सवय असते आणि झाड कापलं तरी ती सुटत नाही. श्रावणात ते फुगतं, आणि आमच्याकडचा वैशाख आला की अंग चोरून बसतं. त्याला हलायला जागा ठेवावी लागते. घनसावंगीच्या एका ऊसवाल्या पाटलांना हे काही केल्या पटेना. खडखडणारं दार घरात भांडणं आणतं, असं त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं. मी पाठ फिरवल्यावर त्यांनी चारी बाजूंच्या खाचांत डबाभर सरस ओतला. उन्हाळ्यात पॅनल मधोमध उभं तडकलं. पाटलांचा फोन आला, "मिस्तरी, आता हलत न्हाई, पण पलीकडचं दिसून राह्यलं." घरात भांडण झालं का, ते मी विचारलं नाही.

फळीची ही उतरती कड माझे वडील रंध्यानं मारायचे. मी राउटरवर मारतो. मोटारीच्या तोंडाला पोलादी बिट आवळायचं. ते गरगर फिरतं आणि त्याच्या दाताला जो आकार असेल तो लाकडाला देतं. यंत्र काय, पैसे असले की कुणीही घेतो. बिट निवडणं हे खरं काम. पॅनलचं बिट लहान वाटीएवढं असतं. त्याला दांडी जाड पाहिजे, बारीक दांडीचं घेतलं तर ते थरथरतं आणि एखाद्या दिवशी बोटाचा हिशोब करून जातं. यंत्र टेबलाखाली उलटं बांधायचं, वेग कमी ठेवायचा, एका दमात सगळं खायला लावायचं नाही. आधी फळीच्या आडव्या टोकांची कड, मग उभ्या बाजूंची. म्हणजे आडव्या कापात उडालेली कपची उभ्या कापात साफ होते. एवढं पाळलं की बिट गाईसारखं गरीब असतं.

आता आकार. सरळ उतार, गलता, लहर हे नेहमीचे. गलता म्हणजे पोटाशी गोल खोलगट गेलेला, लहर म्हणजे नागमोडी. लोक मोबाइलमधला कुठल्या तरी बंगल्याचा फोटो पुढं करून लहर मागतात. मी फोटोकडं बघतच नाही. विचारतो, "दार पुसतं कोण तुमच्याकडं?" आमच्या भागात धूळ अशी की बारीक नक्षीच्या खोबणीत दोन दिवसांत पेरणी करावी. घरातल्या बाईला बाहेर बोलावून विचारलं की बहुतेक वेळा लहर रद्द होते आणि सरळ उतार ठरतो. माझी बायको म्हणते, "तुमची बिटं राहू द्या, या एका प्रश्नावर धंदा चालला तुमचा." असेलही. पण ज्या दारानं मला बिट निवडायला खऱ्या अर्थानं शिकवलं, तिथं हा प्रश्न कामाला आला नाही. ते हसनाबादचं.

हसनाबादला सोनाकाकूंचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुलगे. थोरला बबनराव शेती बघतो, धाकटा संजय जालन्यात नोकरीला. रस्ता रुंद झाला, घराचा पुढचा भाग त्यात गेला. उरलेलं पाडायचं आणि वाटणी करून मोकळं व्हायचं, असं ठरलं. पंच बसले. जमीन निम्मी, विहिरीच्या पाण्याची पाळी निम्मी, तांब्या-पितळेची भांडी मोजून निम्मी, आणि गाडी अडली ती दाराशी. सागवानी, दोन झडपांचं, पॅनलचं दार. दोघंही म्हणे आम्हाला पाहिजे. दोघांचाही आवाज चढला, नको ते बोलणं झालं. मग पंचांनी काय करावं? दाराच्या झडपा दोन, भाऊ दोन. डावी थोरल्याला, उजवी धाकट्याला, आणि चहा पिऊन उठले! अहो, बैलजोडी फोडली तर एक बैल निदान औताला दुसऱ्याबरोबर जुंपता येतो. अर्धं दार कुणाच्या घराला लावायचं? असले पंच मला एकदा माझ्या कामाच्या शेडवर भेटायला पाहिजेत. पण झालं ते झालं. एक झडप बबनरावाच्या गोठ्यात भिंतीला टेकली, दुसरी जालन्यात संजयच्या गच्चीवर प्लास्टिकखाली गेली. भावाभावांचं बोलणं बंद झालं.

राहिल्या सोनाकाकू. त्यांची वाटणी महिन्यांनी झाली, एक महिना हसनाबाद, एक महिना जालना. भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवत नसत, म्हणून पाळी बदलायची ती केदारखेड्याच्या फाट्यावर, माझ्या शेडसमोर. एकानं आणून माझ्या बाकावर बसवायचं आणि निघून जायचं, दुसऱ्यानं येऊन घेऊन जायचं. मधल्या वेळचा चहा आमच्या घरचा. काकू मला लहानपणापासून ओळखायच्या, कारण ते दार माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आणि माझ्या चुलत्यानं, दामूकाकांनी केलेलं. काकूंचे डोळे काचबिंदूनं पार गेलेले. तरी जुन्या घरात हाताला सगळं पाठ होतं, चुलीपासून वेशीपर्यंत एकट्या जायच्या. नव्या दोन्ही घरांत मात्र त्या खाटेवरून उठायच्या बंद झाल्या.

एका सकाळी बबनराव टेम्पोत ती डावी झडप आणि जुन्या घराचा एक सागवानी सर घालून माझ्याकडं आला. सर म्हणजे छताचा लांब लाकडी दांडा.

"किसनमिस्तरी, याची दुसरी झडप करून द्या. याच लाकडात. मोठ्या दाराला लावायची."

"एवढं चांगलं नवं दार बसवलंय की तुम्ही."

तो बाकावर बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढा धिप्पाड गडी. "काय सांगू. माय रोज संध्याकाळी म्हणती, मला घरी घेऊन चल. म्या म्हणतो माय, हे घरच हाय. तर म्हणती, हो का, बरं, आणि गप बसती. सकाळी पुन्हा तेच. मिस्तरी, मायला घरात बसवून माय घर मागून राह्यली. तिच्या हाताला तिचं दार लागलं तर तिला पटन तरी."

मी झडप ठेवून घेतली. पुढच्याच आठवड्यात संजय आला. त्याच्याही गाडीत त्याची उजवी झडप आणि त्याच्या वाट्याचा सर. "मामा, आई आमच्याकडं असली की रात्रंदिवस घरी चल म्हणती. मी बायकोला बोललो, जुनं दारच बसवू. एक झडप हाय, दुसरी तुम्ही करा, बराबर अशीच." शब्द थोडे वेगळे, रडणं तेच. दोघांनाही माहीत नव्हतं की दुसऱ्याच्याही डोक्यात हेच आलंय. मी सांगितलं का? नाही. एक झडप पुढं ठेवली, दुसरीवर ताडपत्री टाकली. दोघांचं काम एकाच शेडमध्ये आहे हे कळलं असतं तर दोघांनीही आपापली झडप उचलली असती, आणि काकूंचं राहिलं असतं.

आता नव्या झडपेवर जुन्यासारखी कड मारायची, तर जुन्याचा आकार घ्यावा लागतो. मी पत्र्याची पट्टी कापून तिचा खाका करतो, पॅनलच्या कडेवर बसवून बघतो, कानशीनं घासतो, पुन्हा बसवतो. बबनरावाच्या झडपेचा खाका तयार झाला. सरळ उतार, वर एक बारीक पायरी. बाजारातलं साधं बिट चालणार होतं. म्हटलं चला, दोन्ही कामं एका बिटात. तोच खाका संजयच्या झडपेवर ठेवला, तर खाली हा एवढा उजेड!

आधी वाटलं पत्रा वाकला. मग झडपा शेजारी शेजारी उभ्या केल्या, खिडकीचा उजेड आडवा पडेल अशा, आणि बघतच राहिलो. दोन्ही झडपा वेगळ्या होत्या. डावीला सरळ उतार, उजवीला खोल गलता. लहानपणापासून त्या दारातनं मी आत-बाहेर केलं, सुताराच्या पोटचा, स्वतः मिस्तरी, आणि मला कधी दिसलं नाही. डोळे काय गहाण टाकले होते का? पण मग हसू आलं. कारण ते कसं झालं ते मला लगेच कळलं. अण्णा आणि दामूकाका सगळा जन्म एका अंगणात कामाला बसले, पण दोघंही एक नंबरचे तापट. माझ्या कामाला तू हात लावायचा नाही, तुझ्या मी लावणार नाही. जोडीचं दार आलं की एक झडप याची, एक त्याची. प्रत्येकाचा रंधा आपापला, त्या रंध्याचं पातं आपापलं. उंची, रुंदी, खाच सगळं गुण्यागोविंदानं जुळवायचे, कडेचा आकार मात्र ज्याचा त्याचा. चौकटीत बसून कडी लागली की बघणाऱ्याला एकच दार दिसायचं.

माझ्यापुढं आता पेच. नवी झडप कशासारखी करायची? हातात आहे तिच्यासारखी, की जी दुसऱ्या भावाकडं आहे तिच्यासारखी? दोघांनाही फोन करून आडून विचारलं. बबनराव म्हणाला, "जोडी आहे, सारखीच पायजे. वेडंवाकडं दार कोण लावतं?" संजय म्हणाला, "मॅचिंग करा मामा, बिलकुल सेम." गिऱ्हाईक म्हणतं ते बरोबरच होतं, कुणीही हेच म्हणेल. मी दोन्ही आकारांचे हातभर लांब नमुने मारून ठेवले आणि पुढचं काम का कोण जाणे, सुरू करीना. बायको दोनदा बोलली, "लाकडाला मुहूर्त बघता काय आता?"

तेवढ्यात काकूंची पाळी बदलायचा दिवस आला. बबनरावानं त्यांना आणून बाकावर बसवलं. बाहेर ऊन रणरणत होतं, संजयला उशीर झालेला, आणि आईला एकटी सोडून जायला बबनरावाचा पाय निघेना. काकूंनी बसल्या बसल्या हात बाजूला टेकवला, तर तो झडपेवर पडला. त्यांनी हात काढलाच नाही. पॅनलच्या कडेवरनं बोटं हळूहळू खाली नेली, वर आणली.

"किसना, हे माझं दार."

"हो काकू."

"डावीकडचं. दामूनं केलेलं. दुसरं कुठंय?"

बबनराव घसा खाकरून म्हणाला, "माय, ते संजयकडं गेल्तं न्हाई का वाटणीत."

आता लपवण्यात काय अर्थ होता? मी ताडपत्री ओढली. बबनराव ताडकन उठला. "हे इथं कसं?" मी म्हटलं, "जसं तुमचं आलं तसंच." तो काही बोलणार तोच बाहेर गाडी थांबली आणि संजय आत आला. त्यानं भावाला बघितलं, दोन्ही झडपा बघितल्या, आणि दारातच थांबला. मला वाटलं, आता माझ्या शेडमध्ये पुन्हा वाटणी होते.

काकूंना त्यातलं काही दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरून उजव्या झडपेवर ठेवला. त्यांनी तर्जनी गलत्यात टेकवली आणि वरपासून खालपर्यंत नेली. "हे तुझ्या बापाचं. यात बोट बसतं. दामूच्यात बसत न्हाई, घसरून जातं." मग हसल्या. "लग्न होऊन आल्ते तवापासून दर दिवाळीला करडीचं तेल लावलंय या दाराला. दामूच्या झडपेला चिंधी एकदा फिरवली की झालं. तुझ्या बापाच्या झडपेत बोट घालून घालून तेल भरावं लागायचं. लय शिव्या दिल्यात म्या तुझ्या बापाला."

मी दोन्ही नमुने त्यांच्या मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. दोघं दोन दारं करून राह्यले, दोघांनाही जोडी सारखी पायजे, तुम्ही सांगा कोणती कशी करू.

"सारखी?" काकूंचा आवाज चढला. "सारखी करून माझा जीव घेता का रे? बोट बसलं की ती उजवी, ती आधी उघडती. बोट घसरलं की डावी, ती आतून खिटी घातलेली, ती लोटायची न्हाई. डोळे गेल्यापासून म्या याच्यावर दार उघडलं. दोन्ही सारख्या केल्या तर मला कळन का कोणती लोटायची? मंग हाय ते दार काय वाईट हाय, बसते खाटेवर."

मी नमुने उचलले. एवढी बिटं चाळली, धूळ बघितली, लाकूड बघितलं, दांडी बघितली. आणि कड कुणाच्या बोटाला लागणार, हे कधी विचारलंच नाही.

बबनराव भिंतीकडं बघत म्हणाला, "मिस्तरी, मंग माझ्या दाराला त्याच्या झडपेसारखी करा. नमुन्याला इथं राहू दे म्हणावं त्याला."

संजय माझ्याकडं बघत म्हणाला, "मामा, दादाला सांगा, त्याची पण राहू द्या. माझ्या दारासाठी लागन."

दादा त्याच्यापासून दोन हातांवर उभा. मी म्हटलं, "बबनराव, संजय म्हणून राह्यला की तुमची झडप राहू द्या." बबनराव म्हणाला, "राहू द्या म्हणावं." असा सगळा व्यवहार माझ्यामार्फत झाला. माझ्या बायकोनं आतून चहा आणला तेव्हा ती हसू दाबत होती.

जालन्याच्या दारासाठी दामूकाकांची सरळ कड लागणार होती. ते काम साध्या बिटात झालं. हसनाबादच्या झडपेनं घाम काढला. बाजारातल्या गलत्याच्या बिटांचा गोल मोठा, अण्णांचा गोल बोटाएवढा. तसं एक बिट मिळालंच नाही. शेवटी दोन बिटांत काम वाटलं. आधी गोल तोंडाच्या बिटानं पोटाशी नाली मारली, मग सरळ उताराच्या बिटानं बाहेरची कड उतरवली. दोन कापांच्या मधे एक बारीक धार उरली, ती बिटानं जाईना. लाकडाच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसलो, आणि घासून झालं की डोळे मिटून बोट फिरवायचो. "झोप लागली का?" बायको विचारायची. अण्णांचा रंधा असता तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. तो माळ्यावर वाळवीनं केव्हाच खाल्ला. त्याची हळहळ त्या दिवसांत जेवढी वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती.

आधी जालन्याचं दार बसवलं, तिथं लोटायची उजवी झडप जुनीच होती. मग हसनाबादचं. डावी जुनी, उजवी माझी. दोन्ही झडपांना करडीचं तेल लावलं आणि कडी घालून बघतोय, तोवर अंगणात गाडी थांबली. पाळीचा दिवस होता, पण संजय फाट्यावर थांबला नव्हता. आईला थेट घेऊन आला होता. त्यानं तिला अंगणात उतरवलं आणि गाडीजवळच उभा राहिला. बबनराव ओट्याच्या खाली उभा. मी हातातलं सगळं खाली ठेवून बाजूला झालो.

काकू पुढं आल्या. हात डाव्या झडपेला लागला, बोट घसरलं. मग उजव्या झडपेवर आला. बोट गलत्यात बसलं आणि तिथंच थांबलं.

"हे नवं हाय," त्या म्हणाल्या.

माझा हात खिशातल्या पॉलिश पेपरकडं गेला.

"पण बोट बसलं बराबर." त्यांनी उजवी झडप लोटली, उंबऱ्यावरून पाय आत टाकला आणि भिंतीला हात न लावता एकट्या आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला. मग त्यांचा खणखणीत आवाज आला, जो मी जुनं घर पडल्यापासून ऐकला नव्हता, "बाहेर काय उभे राह्यले रे दोघं? आत या जल्दी, आणि कवाड लोटून घ्या. कुत्रं शिरन."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बबनराव बाजूला सरकला, संजय ओटा चढला, आणि दोघं आत गेले. माझ्या तोंडावर दार लागलं. माझी पटाशी आत उंबऱ्याजवळच राहिली होती, पण ती मागायला मी काही दार वाजवलं नाही.